अखेर रिले बसवला

जुन्या गाडीत कारखान्यातून आलेली नाही अशी एकही वायर असता कामा नये, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. क्लबच्या बैठकांत तसं मांडलं, गाड्या तपासायला बोलावलं तिथे त्या हिशेबाने गुण कापले, आणि नव्याने जुनी गाडी घेणाऱ्या मुलांनाही तेच सांगितलं. आज माझ्या साठच्या दशकातल्या अँबेसेडर मार्क टूच्या ग्रिलमागे दोन काळे चौकोनी रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारे स्विच, आहेत आणि ते मी स्वतः बसवून घेतले आहेत. माझं आधीचं ऐकून ज्यांनी आपल्या गाड्या तशाच ठेवल्या, त्यांना हे बदललेलं मतही कळायला हवं, म्हणून लिहितो आहे.

आधीच्या मताला कारणं होती आणि ती आजही मला खोटी वाटत नाहीत. आपल्याकडे जुन्या गाडीच्या वायरिंगचे जे हाल होतात ते ज्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आहे त्यालाच ठाऊक. हॉर्नच्या वायरीतून टेपरेकॉर्डरला करंट घेतलेला, त्याच वायरीला पुढे कुणी फॉगलॅम्प जोडलेला, सांधे नुसते पिळून वर काळी टेप, आणि ती टेप उन्हात वितळून चिकट झालेली. फ्यूज उडतो म्हणून फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी. अशा वायरिंगमधून जळालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मूळ रचनेत मात्र एक शिस्त असते. अँबेसेडर म्हणजे मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री, आणि तिचं वायरिंग बर्मिंगहॅमच्या लुकासच्या पद्धतीचं. तपकिरी वायर थेट बॅटरीकडून आलेली. लाल पार्किंगची. काळी अर्थची. हेडलाइटची निळी, ती स्विचपासून डिपर स्विचपर्यंत सलग निळी जाते, तिथून अप्परसाठी निळ्यावर पांढरी रेघ आणि डिपरसाठी निळ्यावर लाल रेघ. हे रंग एकदा डोक्यात बसले की नकाशा न उघडताही दोष कुठे असेल त्याचा अंदाज येतो. म्हणून या रंगांत एक परकी वायर शिरली तरी मला ते सहन होत नसे.

मंद दिव्यांबद्दलही माझं मत ठरलेलं होतं. ४५/४० वॅटचे साधे बल्ब, सात इंची काच, डायनमोवर चालणारी गाडी. जुन्या गाडीचा उजेड एवढाच, तो तसाच स्वीकारावा, रात्री वेग कमी ठेवावा. इंग्लंडात लुकासला थट्टेने अंधाराचा राजपुत्र म्हणतात. मला ती थट्टा कधी आवडली नाही, पण उजेड कमी असणं हा त्या काळाचाच भाग आहे हे मी त्यांच्याइतकंच गृहीत धरलं होतं.

पहिला धक्का मुलीने दिला. तिला या गाडीची माझ्याइतकीच ओढ आहे. पावसाळ्यात रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात गाडी तिच्या हातात होती. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, वळणावरचा कठडा मला दिसत नव्हता. दिव्यांचं काही करणार नसाल तर मी ही गाडी रात्री चालवणार नाही.’ गाडी माझ्यानंतर तिनेच चालवायची आहे. तेव्हा ‘जुन्या गाडीचा उजेड एवढाच’ हे उत्तर तिला देण्याआधी, तो उजेड खरोखर एवढाच असतो का, हे मोजून पाहावं असं मला वाटलं. इतकी वर्षं मी ते मोजलंच नव्हतं.

मोजायची रीत नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटरच्या पिना टेकवल्या की मीटर बॅटरीइतकाच व्होल्टेज दाखवतो आणि माणूस म्हणतो, वायरिंग ठीक आहे. बल्ब नाही म्हणजे करंट वाहत नाही, आणि करंट वाहत नाही तोवर खराब सांधाही काही गिळत नाही. टेस्ट लॅम्पनेही हेच होतं. त्याचा छोटा बल्ब अर्धामुर्धा सांधाही पेटवून दाखवतो. ओहम मोजून तर काही हाती लागत नाही, कारण आपल्याला शोधायचा तो रोध ओहमच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा किंवा त्याहून जास्त भरतो. म्हणून इंजिन थोडं चढं चालू ठेवायचं, अप्पर लावायचा, बल्ब जागेवरच ठेवायचे आणि जळत्या दिव्याच्या मागून मोजायचं.

माझ्या गाडीत बॅटरीवर १३.२ व्होल्ट होते आणि जळत्या बल्बवर १०.९. मधे २.३ व्होल्ट नाहीसे.

हा आकडा किरकोळ वाटतो, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताच्या हिशेबाने. व्होल्टेज ५ टक्के घसरला की उजेड १६ टक्के जातो. १० टक्के घसरला की ३० टक्के. माझ्याकडे तो १७ टक्के घसरलेला होता, म्हणजे जवळजवळ निम्मा उजेड वाटेतच संपत होता. त्यात फिलामेंट कमी तापल्यामुळे उरलेला उजेडही पिवळट. मी ज्याला जुन्या काळाचा उजेड समजत होतो तो जुन्या काळाचा नव्हताच. कारखान्यातून निघाली त्या दिवशी ही गाडी याच्या जवळजवळ दुप्पट उजेड टाकत असणार.

मग एकेक टप्पा घेतला. मीटरची एक पिन टप्प्याच्या सुरुवातीला, दुसरी शेवटी. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या टप्प्यात जातात. बॅटरीपासून हेडलाइटच्या स्विचपर्यंत ०.५. स्विचच्या आत ०.६. पायाच्या डिपर स्विचमध्ये ०.४. पुढच्या बुलेट कनेक्टरांत ०.३. आणि बल्बच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या अर्थ टर्मिनलपर्यंत ०.५. कुठेही एक मोठा दोष सापडला नाही. सगळीकडे थोडं थोडं, आणि म्हणूनच तो कुणाला दिसला नव्हता.

अर्थचा दोष सगळ्यात सहज निघाला. दिव्याची काळी वायर जिथे बॉडीला स्क्रूने बसते तिथे कुणीतरी रंग मारला होता आणि रंगाखाली गंज होता. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, लग नवा बसवला, वर पेट्रोलियम जेली लावली. बुलेट कनेक्टरांच्या पितळी नळ्या हिरव्या पडल्या होत्या, त्या बदलल्या. इथपर्यंतचं काम माझ्या जुन्या मतात बसणारं होतं. मूळ रचना जशी होती तशी परत करणं. मंद दिव्यांचं दुखणं घेऊन येणाऱ्या कुणालाही मी आजही आधी हेच सांगेन. नवा बल्ब, नवी वायर, नवा स्विच यांतलं काहीही विकत आणायच्या आधी अर्थ घासून पाहा.

प्रश्न स्विचपाशी येऊन थांबला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वायरमन आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. डायनमो, कट-आउट, मॅग्नेटो यांची कामं करणारे हात आता थोडे उरले आहेत, त्यातले ते एक. त्यांच्याकडे दोन्ही स्विच घेऊन गेलो. डॅशबोर्डवरचा ओढायचा स्विच त्यांनी पत्र्याच्या दुमडी उचलून उघडला. आतलं बेकेलाइट एका कोपऱ्यात काळवंडून ठिसूळ झालं होतं आणि कॉन्टॅक्टचा रिव्हेट सैल होऊन हलत होता. कारण सरळ होतं. दोन अप्परचे मिळून सात अँपिअरच्या वर करंट या टिकलीएवढ्या जागेतून जातो. तिथे ०.६ व्होल्ट पडतात म्हणजे चार वॅटच्या आसपास उष्णता तिथेच तयार होते. उष्णतेने रिव्हेट सैल होतो, सैल रिव्हेटने रोध वाढतो, वाढलेल्या रोधाने आणखी उष्णता. डिपरच्या स्विचची गत याहून वाईट, कारण तो क्लचशेजारी पायाखाली असतो आणि पावसाळ्यात बुटांचं पाणी, चिखल सगळं त्याच्यावरच उतरतं.

तात्यांनी रिव्हेट पुन्हा ठोकून दिला, टिकल्या घासल्या, आणि म्हणाले, ‘साहेब, मी हे आज करून देतो, पण बेकेलाइट काही मला जोडता येत नाही. आणखी दोन पावसाळे काढंल. स्विचचं काम हुकूम द्यायचं. त्याला हमाली कशाला लावालाय?’

मी त्यांना माझं नेहमीचं उत्तर दिलं, की कंपनीने तो तसाच बनवला. त्यावर ते म्हणाले, ‘कंपनीनं बनवला तवा दुसरा मिळत हुता.’

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ रचना स्विच झिजणार हे धरूनच केलेली होती. झिजला की दुकानातून नवा आणायचा. ती दुकानं, तो माल, आता नाही. बाजारात आज जे नवे स्विच त्या नावाने मिळतात त्यांतले काही मी उघडून पाहिले. टिकल्या पातळ, स्प्रिंग ढिली, बेकेलाइटच्या जागी साधं प्लास्टिक. म्हणजे मूळ रचना तशीच चालू ठेवायची तर तिचा मूळ भाग दर पावसाळ्यात थोडा थोडा जाळत राहायचा आणि शेवटी त्याच्या जागी नक्कल बसवायची. रिले लावला तर एक नवा भाग गाडीत येतो, पण साठच्या दशकातला तो स्विच डॅशबोर्डवर राहतो, आणि चालता राहतो. मी ज्या मूळपणासाठी भांडत होतो तो या दुसऱ्या वाटेने जास्त टिकतो, हे मला मान्य करावं लागलं. त्या दिवशी तात्यांना मी हो म्हटलं नाही. काही महिने गेले.

त्या काळात वाचलंही बरंच. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिची ट्युरिन सनद मी पूर्वी वाचली होती, पण माझ्या सोयीने. या वेळी नीट वाचली. वाहनाच्या काळाबाहेरचे बदल करावे लागलेच तर ते नजरेत न भरणारे असावेत, शक्यतो काढून पूर्वस्थिती आणता येईल असे असावेत, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग वाहनाबरोबर जपून ठेवावेत, असा तिचा आशय आहे. ज्या कागदाचा आधार मी घेत होतो तोच कागद मी म्हणत होतो त्यापेक्षा समंजस निघाला. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ मालिकेच्या नोंदणीचे नियम केले. त्यांतही चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा यावर भर आहे. रिले त्यात कुठे येत नाही.

तरी दोन शंका उरल्या होत्या आणि त्या मला गंभीर वाटतात. पहिली फ्यूजची. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत हेडलाइटला बहुधा फ्यूज नसे. त्यामागे विचार होता: भर वेगात फ्यूज उडून दोन्ही दिवे एकदम जाण्यापेक्षा तो धोका न घेतलेला बरा. रिलेसाठी बॅटरीकडून नवी जाड वायर आणायची तर तिला फ्यूज हवाच, नाहीतर एक शॉर्ट आणि गाडी पेटली. मग घाटात फ्यूज उडाला तर? यावरचा मार्ग म्हणजे डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळा फ्यूज. एक गेला तर दुसरा जळत राहतो. दुसरी शंका स्विचच्या टिकल्यांची. मोठ्या करंटच्या ठिणगीने टिकली आपोआप साफ होत राहते. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर लागतात, तेवढ्यावर टिकलीवर पुट चढेल की काय? चढेल थोडं. पण आता तिथे अर्धा व्होल्ट पडला तरी उजेडावर काही परिणाम नाही, कारण रिले आठ व्होल्टच्या आसपासही ओढतो. पूर्वी त्याच अर्ध्या व्होल्टची किंमत उजेडात मोजावी लागत होती.

काम असं केलं. अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले. निळी-पांढरी आणि निळी-लाल वायर, ज्या पूर्वी थेट दिव्यांकडे जात, त्यांची बुलेट टोकं आता रिलेच्या ८६ नंबरवर, ८५ अर्थला. बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली अडीच स्क्वेअरची वायर ३० नंबरवर, आणि ८७ वरून डाव्या-उजव्या वेगवेगळ्या फ्यूजमधून दिव्यांकडे. दिव्यांची अर्थ वायरही नवी, बॉडीच्या भरवशावर न सोडता थेट बॅटरीच्या अर्थपर्यंत नेलेली. जुनी एकही वायर कापली नाही, पत्र्याला एकही नवं भोक पाडलं नाही. कंस रेडिएटरच्या जुन्याच बोल्टवर बसतो. नव्या वायरी लुकासच्याच रंगांत घेतल्या. जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असेल तर एक काळजी घ्यावी: आत डायोड असलेला रिले उलटा जोडला गेला तर शॉर्ट होतो, म्हणून साधा, बिनडायोडचाच रिले घ्यावा.

नुसती साफसफाई केल्यावर २.३ व्होल्टची घट १ व्होल्टवर आली होती, म्हणजे बॅटरीवरच्या व्होल्टेजला जो उजेड मिळायला हवा त्याच्या पाऊण. रिलेनंतर घट ०.३. उजेड नव्वद टक्क्यांच्या वर. बल्ब तेच ४५/४०. मुलीने रात्री पन्हाळ्याच्या रस्त्याला गाडी नेऊन आणली आणि किल्ली परत देण्याऐवजी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

मत बदललं ते इतकंच. शंभर-नव्वदचे बल्ब मला आजही नको आहेत. दोन अप्पर मिळून १७ अँपिअरच्या घरात जातात, आणि लुकासचा सी-४० डायनमो चांगल्या वेगात देतो जेमतेम २२. त्यातून इग्निशन, पार्किंग, वायपर भागवायचे. पावसाळ्यात रात्री बॅटरी चार्ज व्हायच्या ऐवजी उतरत जाईल, आणि सिग्नलला थांबल्यावर तर डायनमो काहीच देत नाही. एलईडीला माझा विरोध तर आणखी वाढला आहे. या रिफ्लेक्टरचा फोकस एका बारीक फिलामेंटच्या जागेवरून आखलेला आहे. त्या जागी वेगळ्या आकाराची चीप बसवली की उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्या गाडीचं सौंदर्य राखताना समोरच्या स्कूटरवाल्याला आंधळं करायचा आपल्याला अधिकार नाही. रिफ्लेक्टरची चांदी काळी पडली असेल तर मात्र वायरिंगवर कितीही मेहनत घ्या, उजेड काचेबाहेर येणारच नाही. ती आधी तपासावी. डायनमो काढून अल्टरनेटर बसवणाऱ्यांशीही मी अजून सहमत नाही. तिथे इंजिनवरचा एक मोठा, डोळ्यांना दिसणारा भाग कायमचा जातो, आणि नीट बांधलेला डायनमो ४५/४० चे दिवे आरामात पोसतो.

ज्या दोन-चार जणांचे गुण मी रिले पाहून कापले होते त्यांना मी फोन करून हे सगळं सांगितलं. क्लबलाही लेखी विनंती केली आहे, की तपासणीच्या तक्त्यात रिलेसाठी गुण कापायची जी रीत मीच आग्रहाने घालायला लावली होती ती काढावी. त्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात: बदल मूळ वायर न कापता काढता येतो का, आणि काढलेले भाग मालकाने ठेवले आहेत का. आणि तपासणी सकाळी मैदानात होते, दिवे बंद असताना होते. ती निदान एकदा संध्याकाळी, इंजिन चालू ठेवून, दिवे लावून व्हावी आणि परीक्षकाच्या हातात मीटर असावा. बॅटरीवर किती आणि बल्बवर किती, हे दोन आकडे तक्त्यात लिहिले जावेत. बैठक पुढच्या महिन्यात आहे. जुन्या सभासदांपैकी काहींचा विरोध आहे; त्यांच्याकडे मांडायला जे मुद्दे आहेत ते बहुतेक माझेच आहेत, म्हणून मीटर आणि तो काळवंडलेला बेकेलाइटचा तुकडा मी बरोबर नेणार आहे.